किनारी समुद्रातील प्रकाश प्रदूषण

रात्रीच्या वेळी मानवनिर्मित दिव्यांचा उजेड किनाऱ्यावर व लगतच्या समुद्रात पसरून तेथील सजीवांच्या नैसर्गिक जीवनक्रमात जो व्यत्यय येतो, त्यास किनारी समुद्रातील प्रकाश प्रदूषण असे म्हणतात. बंदरे, किनारी रस्ते, हॉटेले, कारखाने, तेलविहिरींचे मंच, जहाजे आणि प्रकाशझोत वापरून होणारी मासेमारी हे त्याचे प्रमुख स्रोत होत. सांडपाणी, तेलगळती किंवा प्लास्टिक यांच्याप्रमाणे हे प्रदूषण पाण्यात साठून राहत नाही. दिवा मालवला की ते त्या क्षणी थांबते. असे असूनही सागरी प्रदूषणाच्या चर्चेत त्याला बऱ्याच उशिरा स्थान मिळाले.

स्वरूप आणि व्याप्ती

निरभ्र रात्री पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश साधारणपणे ०.१ ते ०.३ लक्स इतका असतो आणि केवळ चांदण्यांचा प्रकाश त्याच्या शतांशाहूनही कमी भरतो. रस्त्यावरील दिव्याखाली मात्र सामान्यतः १० ते २० लक्स प्रकाश पडतो. समुद्री जीवांची दृष्टी व शरीरातील घड्याळे पहिल्या दोन प्रकाशांशी जुळवून घेत लक्षावधी वर्षांत घडली आहेत. हे ध्यानात घेतले म्हणजे माणसाला क्षुल्लक वाटणारा उजेड त्यांना किती प्रखर असेल याची कल्पना येते.

हा प्रकाश दोन मार्गांनी समुद्रात पोहोचतो. किनाऱ्यावरील वा जहाजावरील दिव्यांचा झोत थेट पाण्यावर पडतो. शिवाय शहरांचा उजेड ढगांवरून आणि हवेतील कणांवरून विखुरून आकाशभर एक आभा पसरवतो. ही आभा शहरापासून कित्येक किलोमीटर दूरच्या काळोख्या किनाऱ्यावरही जाणवते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रात्रीच्या आकाशाच्या जागतिक नकाशासंग्रहानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रकाशाने दूषित झालेल्या आकाशाखाली राहतात. समुद्रासाठी असा नकाशासंग्रह २०२१ मध्ये तयार झाला. त्यात एक मीटर खोलीवर सुमारे १९ लाख चौरस किलोमीटर किनारी समुद्रात सजीवांवर परिणाम होण्याइतका कृत्रिम प्रकाश पोहोचत असल्याचे दिसून आले. वीस मीटर खोलीवर हे क्षेत्र सुमारे ८ लाख ४० हजार चौरस किलोमीटर भरते.

प्रकाशाचा रंगही महत्त्वाचा आहे. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात निळा प्रकाश सर्वांत खोलवर जातो, तर लाल प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो. जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश पिवळसर-नारिंगी असे. त्यांच्या जागी आलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाचा मोठा अंश असतो. म्हणजे विजेची बचत करणारा हाच दिवा समुद्राच्या दृष्टीने अधिक खोल जाणारा ठरतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील पिवळे दिवे काढून २०१५ मध्ये पांढरे एलईडी बसवण्यात आले, तेव्हा मोठा वाद झाला. मात्र तो ‘क्वीन्स नेकलेस’चे सौंदर्य हरवल्याबद्दल होता. समोरच्या समुद्रातील जीवांचा विचार त्या वादात जवळजवळ आढळत नाही.

समुद्री कासवे

प्रकाश प्रदूषणाचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला बळी म्हणजे समुद्री कासवाचे पिल्लू. वाळूतील घरट्यातून पिल्ले बहुधा रात्री बाहेर पडतात. किनाऱ्यामागील झाडी व वाळूच्या टेकड्यांची उंच काळी रेषा पाठीशी ठेवून ती अधिक उजळ आणि खालच्या क्षितिजाकडे धावतात. मानवी दिवे नसलेल्या किनाऱ्यावर ही उजळ बाजू समुद्राचीच असते. मागे रस्ता किंवा हॉटेल उजळलेले असेल, तर हाच बिनचूक नियम पिल्लांना जमिनीकडे नेतो. तेथे कुत्री, कावळे, खेकडे, वाहने किंवा सकाळचे ऊन यांपैकी कशाने तरी त्यांचा अंत होतो. अंडी घालण्यास येणाऱ्या माद्याही उजेड असलेला किनारा टाळतात, त्यामुळे पिल्ले जन्मण्यापूर्वीच जागा कमी होऊ लागते.

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने २००२ पासून संवर्धनाचे काम उभे केले. अंडी कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत हलवून, पिल्ले बाहेर आली की ती माणसांच्या देखरेखीखाली समुद्राजवळ सोडली जातात. या पद्धतीत दिव्यांमुळे वाट चुकण्याचा धोका बराच टळतो. मादीचा किनाऱ्यावर येण्याचा निर्णय मात्र उजेडावर अवलंबून राहतोच. गोव्यातील मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग हे किनारे २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत कासवांची घरटी होणारी स्थळे म्हणून नमूद आहेत. यांपैकी काही किनारे पर्यटकांच्याही पसंतीचे असल्याने तेथील दिव्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे.

प्रवाळ, मासे आणि प्लवक

प्रवाळांच्या अनेक जाती वर्षातून मोजक्याच रात्री एकाच वेळी अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात. ही वेळ चुकली तर फलन होणे दुरापास्त होते. पौर्णिमेनंतर चंद्र सूर्यास्तानंतर उशिरा उगवू लागतो. मधला हा छोटा काळोख काही प्रवाळांना प्रजननाची खूण देतो. किनाऱ्यावरील दिवे तोच काळोख भरून काढतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात दोन हजारांहून अधिक नोंदी तपासल्यावर, उजेड असलेल्या भागात प्रवाळांचे प्रजनन एक ते तीन दिवस अगोदर, म्हणजे पौर्णिमेच्या अधिक जवळ होत असल्याचे आढळले. तांबड्या समुद्रातील प्रवाळांना हा धोका विशेष आहे.

माशांबाबतचा एक प्रयोग उल्लेखनीय आहे. २०१९ मध्ये क्लाउनफिशच्या अंड्यांवर रात्री सुमारे २६ लक्स प्रकाश ठेवला असता एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आले नाही. दिवा काढून काळोख परत दिल्यावर अंडी फुटली.

प्राणीप्लवक दिवसा खोल पाण्यात राहतात आणि रात्री अन्नासाठी वर येतात. रोज घडणारे हे स्थलांतर वजनाच्या हिशोबाने पृथ्वीवरील सर्वांत मोठे मानले जाते व सागरी अन्नसाखळीचा मोठा भाग त्यावर उभा आहे. आर्क्टिक समुद्रातील एका पाहणीत जहाजाच्या नेहमीच्या दिव्यांमुळे २०० मीटर खोलीपर्यंत मासे व प्लवकांचे वर्तन बदललेले दिसले. याचा दुसरा अर्थ असा की, प्रकाशित जहाजावरून केलेली माशांची मोजणीही संशयास्पद ठरू शकते.

किनाऱ्यावर घरटी करणाऱ्या शिअरवॉटरसारख्या समुद्री पक्ष्यांची पिल्ले पहिल्या उड्डाणात दिव्यांकडे खेचली जाऊन जमिनीवर कोसळतात. हवाई बेटांतील कौआई येथे अशा पिल्लांना वाचवण्याचा उपक्रम १९७९ पासून सुरू आहे.

प्रकाशझोतातील मासेमारी

उजेडाकडे आकर्षित होणारे मासे गोळा करण्यासाठी मशाल वा कंदील वापरण्याची रीत जगभर जुनी आहे. शक्तिशाली विद्युत दिव्यांनी तिचे प्रमाण बदलून टाकले. म्हाकूळ पकडणाऱ्या नौकांचे ताफे जपानच्या समुद्रात आणि अर्जेंटिनाजवळ उपग्रहातूनही शहरांसारखे झगमगताना दिसतात. तारली, बांगडा व म्हाकूळ यांचे थवे दिव्याखाली जमतात आणि पर्ससीन जाळ्याने एकाच वेळी वेढले जातात. त्यात अपुऱ्या वाढीची मासळीही येते. काळोख्या रात्री हा उपाय अधिक लागू पडतो, चांदण्यात दिव्याचे आकर्षण घटते.

कोकणातील रापणकार व छोटे पारंपरिक मच्छीमार यांची मुख्य तक्रार हीच आहे की, किनाऱ्याकडे येणारी मासळी बाहेरच उचलली जाते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती करून दंड कठोर केले. तरीही या प्रश्नावरून सिंधुदुर्ग व रत्नागिरीत संघर्ष होत राहिले आहेत. हा वाद मुख्यतः उपजीविकेचा आहे, परंतु त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट प्रकाशाने बदललेले माशांचे वर्तन हीच आहे.

उपाययोजना

दिव्यांवर झाकण घालून प्रकाश फक्त जमिनीकडे वळवणे, दिव्याची उंची व तीव्रता कमी करणे, गरज नसताना तो मालवणे आणि निळ्याऐवजी लांब तरंगलांबीचा अंबर किंवा लाल प्रकाश वापरणे हे मान्य उपाय आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात कासवांच्या हंगामात अनेक किनारी गावांत दिव्यांवर स्थानिक निर्बंध असतात. फ्रान्समध्ये २०१८ च्या आदेशानुसार काही अपवाद वगळता समुद्रावर थेट प्रकाश टाकण्यास मनाई आहे. बंदरांचे व नौकानयनाचे सुरक्षा-दिवे अर्थातच बंद ठेवता येत नाहीत, त्यामुळे तेथे झोताची दिशा व रंग यांवरच भर द्यावा लागतो.

स्थलांतरित वन्यजीवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची तेरावी परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातमधील गांधीनगर येथे भरली. तिने ऑस्ट्रेलियाने तयार केलेली वन्यजीवांसाठीची प्रकाश प्रदूषणविषयक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. समुद्री कासवे, समुद्री पक्षी आणि किनारी स्थलांतरित पक्षी यांच्या महत्त्वाच्या अधिवासापासून २० किलोमीटरच्या आत नवे दिवे बसवायचे असल्यास त्यांच्या परिणामांचा आधी विचार करावा, अशी त्यांत शिफारस आहे.