व्हिटनी, जॉन हे

(२७ ऑगस्ट १९०४–८ फेब्रुवारी १९८२). अमेरिकन उद्योजक, दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी अधिकारी, अश्वशर्यतींच्या क्षेत्रातील अग्रणी व येल विद्यापीठाचा आश्रयदाता. जन्म मेन राज्यातील एल्सवर्थ येथे. आजोबा जॉन हे हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री, तर दुसरे आजोबा विल्यम व्हिटनी हे नौदलमंत्री होते. येल विद्यापीठातून पदवी घेऊन (१९२६) तो ऑक्सफर्डला गेला. तथापि १९२७ मध्ये वडील पेन व्हिटनी निवर्तल्याने त्याला परतावे लागले. वारशाने प्रचंड संपत्ती हाती आली. तिचे काय करावे, हा प्रश्न त्याच्या पुढील आयुष्याच्या केंद्रस्थानी राहिला.

घोड्यांची आवड घरचीच होती. आई हेलन हिचा ‘ग्रीनट्री’ तबेला अमेरिकेत विख्यात होता. जॉनचे स्वतःचे पहिले मोठे यश मात्र इंग्लंडमधील अडथळ्यांच्या शर्यतींतले. त्याच्या ‘ईस्टर हीरो’ या घोड्याने चेल्टनम गोल्ड कप लागोपाठ दोनदा (१९२९ व १९३०) जिंकला. १९२९ च्या ग्रँड नॅशनल शर्यतीत सहासष्ट घोड्यांमध्ये सर्वाधिक भार वाहून तो दुसरा आला. या पराभवाची कीर्ती दोन्ही विजयांहून कमी नाही.

१९३० नंतरच्या दशकात त्याने टेक्निकलर या रंगीत चित्रपटतंत्रात भांडवल गुंतवले आणि निर्माता डेव्हिड सेल्झनिक याच्या गॉन विथ द विंड (१९३९) या चित्रपटास आर्थिक पाठबळ दिले. महायुद्धात तो हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागात होता. ऑगस्ट १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये तो जर्मनांच्या हाती सापडला. कैद्यांना जर्मनीकडे नेणारी आगगाडी दोस्तांच्या माऱ्याखाली आली, तेव्हा तीतून उडी टाकून तो निसटला. कैदेचे ते अठरा दिवस होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आई वारली आणि ग्रीनट्री तबेला त्याच्याकडे व बहीण जोन हिच्याकडे आला. तेथील ‘कॅपॉट’ने १९४९ मध्ये प्रीकनेस व बेलमाँट या शर्यती जिंकल्या. सर्वश्रेष्ठ ठरला तो ‘टॉम फूल’. सरस घोड्यावर जास्त वजन लादण्याच्या प्रथेतील न्यूयॉर्कच्या तिन्ही प्रमुख शर्यती त्याने १९५३ मध्ये जिंकल्या आणि त्या वर्षी धावलेल्या दहाही शर्यतींत तो अपराजित राहिला.

व्यवसायातील त्याची खरी कामगिरी १९४६ ची. बँका ज्यांना दारात उभे करीत नसत, अशा नवउद्योजकांना भांडवल पुरविण्यासाठी त्याने एक कोटी डॉलर घालून जे. एच. व्हिटनी अँड कंपनी स्थापन केली. साहसी भांडवलाच्या आद्य संस्थांमध्ये तिची गणना होते. युद्धकालीन दारूगोळ्याच्या कारखान्यातून खत निर्माण करणारी स्पेन्सर केमिकल आणि गोठविलेला संत्र्याचा रस विकणारी मिनिट मेड हे तिचे प्रारंभीचे आश्रित. त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या प्रतिष्ठानाने वर्णभेदामुळे संधी नाकारल्या गेलेल्या तरुणांना शिष्यवृत्त्या दिल्या. सर्वच डाव मात्र साधले नाहीत. ब्रिटनमधील राजदूत असताना (१९५७–६१) त्याने विकत घेतलेले न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून हे दैनिक मोठा तोटा सोसूनही १९६६ मध्ये बंद पडले.

येल विद्यापीठाच्या नियामक मंडळावर तो दीर्घकाळ होता. १९७० च्या सुमारास त्याने दोन नवी निवासी महाविद्यालये उभारण्यासाठी मोठी देणगी देऊ केली. पण न्यू हेवनच्या नगरमंडळाने त्या योजनेस मान्यता नाकारली. विद्यापीठाच्या वास्तूंवरील करमाफीने नगराचे उत्पन्न बुडते, हे गाऱ्हाणे जुने होते आणि ते अगदीच निराधार म्हणता येणार नाही. येलमध्ये नवी निवासी महाविद्यालये उघडली ती थेट २०१७ मध्ये, दुसऱ्या दात्याच्या मदतीने. १९८१ मध्ये विद्यापीठाने मानव्यविद्यांचे केंद्र सुरू केले व त्यास व्हिटनीचे नाव दिले. पुढील वर्षी न्यूयॉर्क राज्यातील मॅनहॅसेट येथे त्याचे निधन झाले.