दाराची कडी

घरांत संगणक आला, आणि त्याच्या मागोमाग चोरही आले. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांनीं ‘ब्रेन’ नांवाचा विषाणु, म्हणजे आपली नक्कल आपणच करणारी आज्ञावली, रचला. आयबीएम जातीच्या घरगुती संगणकांवरील तो पहिला. फ्लॉपी एका यंत्रांतून दुसऱ्यांत गेली कीं तिच्याबरोबर तोही जाई. मौज अशी कीं, कर्त्यांनीं त्यांत आपलें नांव व पत्ता लिहून ठेवला होता! पुढील चोरांनीं तेवढाही सरळपणा दाखविला नाहीं.

२००० च्या मे महिन्यांत फिलिपाइन्समधून ‘प्रेमपत्र’ निघालें. कुतूहलानें तें उघडणाऱ्यांचे लक्षावधि संगणक बाधित झाले. २०१७ च्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’नें फायलींना कुलूप घालून खंडणी मागितली, इंग्लंडमधील रुग्णालयेंही त्यांत सांपडलीं. वास्तविक ती फट बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती. अनेकांनीं ती बसविलीच नव्हती.

इतिहासाचा धडा एवढाच : चोराची युक्ति बदलली, आपला आळस व भाबडेपणा मात्र तोच राहिला. म्हणून दुरुस्त्या वेळच्या वेळीं बसवा, अनोळखी फाईल उघडूं नका, आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून अलग ठेवा. निजण्यापूर्वीं कडी पाहणें हें गृहस्थाचेंच काम आहे.