वस्तऱ्याच्या मुठीआडचें अक्षर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी व जुनीं दफ्तरें आपल्या डोळ्यांपुढें येतात. न्हाव्याच्या धोकटीस या मालिकेंत स्थान द्यावें, असें आम्हांसही कधीं वाटलें नव्हतें. परंतु नंदुरबार जिल्ह्यांत, तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा या गांवीं, एका वृद्ध कारागिराच्या ओटीवर बसण्याचा योग आला आणि आमचें मत पालटलें.

त्यांच्या धोकटींत कातर, नराणी व आरसा यांजबरोबर दोन जुने वस्तरे होते. एकाच्या मानेवर चांदणी व माल्टाचा क्रूस हीं चिन्हें उमटविलेलीं होतीं. ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स आणि सन्स या कारखान्याची खूण. त्या भागांतील पोलादी हत्यारें करणाऱ्यांचा संघ १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झाला व कारागिरांच्या खुणा तेथें नोंदल्या जाऊं लागल्या. ही खूण प्रथम १६८२ सालीं दिली गेली. नांवाजलेल्या खुणांची नक्कल करून हलका माल खपविणारेही असत. खोट्या खुणांस आळा घालण्यासाठीं हिंदुस्थानांत १८८९ सालीं कायदा झाला. सारांश, बाहेरची खूण कारखान्याची. ती गिऱ्हाइकानें पाहावी म्हणूनच ठोकलेली असते.

दुसरी खूण मात्र कोणी पाहावी म्हणून केलेली नव्हती. मुठीची एक पट्टी तडकली होती. म्हाताऱ्याबोवांनीं खिळा काढून ती अलग केली. तिच्याखालीं झांकलेल्या पोलादावर दोन उभ्या रेघा व एक वेडावांकडा ‘ग’ ओरखडलेला दिसला. “ही मना बापनी खूण शे,” ते म्हणाले. त्या काळीं चार-पांच जणांचे वस्तरे एकदमच शिकलगाराकडे धारेस जात. त्यांत आपला कोणता हें कळावें म्हणून ही योजना. ‘ग’ हें नांवाचें आद्याक्षर. दोन रेघा म्हणजे दुसरा वस्तरा. वडील शाळेंत गेले नव्हते. हें एकच अक्षर त्यांनीं कोणाकडून तरी गिरवून घेतलें होतें.

जागेची निवडही विचारपूर्वक केलेली होती. पातें सहाणेवर व चामड्यावर घांसून वर्षानुवर्षें झिजतें. उघडी मान बोटांनीं गुळगुळीत होते. मुठीआडच्या भागास ना सहाण लागत, ना हात. शिवाय तेथील पोलाद धारेइतकें कडक नसल्यानें टोंचणीनें ओरखडा उमटतो.

हें ऐकून आम्हांस आमचीच एक चूक आठवली. कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक वस्तरा हौसेनें विकत घेऊन आम्हीं तो एका सोनाराकडून उजळून आणविला होता. मूठ काढून त्यानें सारें पोलाद आरशासारखें केलें आणि आम्हीं त्याची तारीफ केली! त्या मुठीआड कोणाचें अक्षर होतें, हें आतां ब्रह्मदेवही सांगूं शकणार नाहीं.

हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा नव्हे. वस्तऱ्याचा आपल्या सामाजिक इतिहासाशीं जवळचा संबंध आहे. विधवांचें केशवपन ज्या हत्यारानें होई तें हेंच. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी बंधूंनीं सभा भरविली व विधवांच्या मस्तकास वस्तरा लावावयाचा नाहीं असा निश्चय केला. पोट ज्या गिऱ्हाइकीवर चालतें तिच्यावरच पाणी सोडणें ही लहान गोष्ट नव्हे. पुढाऱ्याचें नांव आपण आदरानें घेतों, आणि तें योग्यच आहे. पण वस्तरा खालीं ठेवणाऱ्या हातांचीं नांवें आपण कधीं विचारलीं काय?

एड्सच्या धास्तीनंतर अर्धें पातें बसवून टाकून देण्याचा वस्तरा रूढ झाला आणि जुने वस्तरे भंगारांत वा शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत जाऊं लागले. ज्यांच्या घरीं असा एखादा असेल त्यांनीं तो घांसूं नये; कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. मूठ काढणें भागच पडल्यास तिरप्या उजेडांत आंतील भाग पाहावा, छायाचित्र घ्यावें, आणि घरांतील वडील माणसांस त्या खुणेचा अर्थ विचारून लिहून ठेवावा. अर्थ सांगणारें माणूस गेलें म्हणजे अक्षराचा नुसता ओरखडा उरतो.

याच प्रकाशा गांवीं १९५५ सालीं बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें, आणि मातीचे थर उलगडून ताम्रपाषाणयुगापर्यंतचा मागोवा घेतला. तेथील फुटक्या खापरांचीही शास्त्रशुद्ध नोंद झाली. त्याच गांवच्या ओटीवरील एका अक्षरास तेवढा मान मिळूं नये काय? निघतांना म्हाताऱ्याबोवांनीं नवी पट्टी बसविली, खिळा ठोकला, आणि तो ‘ग’ पुन्हा होता तेथें झांकला गेला. आम्हीं तो उतरून घेतला आहे, एवढेंच आमच्या पहिल्या चुकीचें प्रायश्चित्त.