कासार्साचा कवी आणि आपली वारली

व्याख्यानाचा विषय कळल्यावर एका शिक्षकांनी मला विचारलं, "सर, इटलीच्या कवीचं आपल्या तलासरीत काय काम?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

पिएर पाओलो पासोलिनी यांचा जन्म ५ मार्च १९२२ चा, बोलोन्या शहरातला. वडील सैन्यात अधिकारी, आई शिक्षिका. आईचं गाव कासार्सा, ईशान्य इटलीतल्या फ्रिउली भागातलं. तिथले शेतकरी फ्रिउलान बोलत. आईच्या घरात मात्र ही भाषा नव्हती, ती शेतामजुरांची. या शिकलेल्या पोराने नेमकी तीच उचलली आणि विसाव्या वर्षी, १९४२ मध्ये, तिच्यात कवितांचं छोटं पुस्तक काढलं. फॅसिस्ट राजवटीला बोलीतलं लेखन खपत नसे. जानफ्रांको कोंतिनी या अभ्यासकाने केलेलं त्या पुस्तकाचं परीक्षण शेवटी स्वित्झर्लंडच्या वर्तमानपत्रात छापून आलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये पासोलिनींनी मित्रांसोबत फ्रिउलान भाषेची एक चिमुकली अकादमीच काढली.

आता १९४५ हे साल आपल्याला वेगळं सांगायला नको. २३ मे रोजी झरीच्या सभेत हजारो वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी नाकारली. पुढे गवतकापणीला पाचशे पौंडांमागे अडीच रुपये मजुरी मागितली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी गेले. तिकडे फ्रिउलीतही जानेवारी १९४८ मध्ये शेतमजूर जमीनमालकांविरुद्ध रस्त्यावर उतरले. पासोलिनींनी ते जवळून पाहिलं आणि पुढे त्यावर कादंबरी लिहिली.

आपल्या लढ्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. १९७० चं हे पुस्तक, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचे आपल्यावर उपकार आहेत. पण ते मराठीत आहे. ज्यांनी लढा दिला, त्यांची बोली कुठे राहिली? ती धवलेरीच्या गळ्यात राहिली. लग्नात चौक लिहिला जातो, पालघट देवी बसते आणि धवलेरी गाण्यांतून लग्न लावते. ती आपली कवयित्रीच. फक्त तिच्या नावावर पुस्तक नाही.

पासोलिनींना हे उमगलं होतं. १९४९ मध्ये नैतिकतेच्या आरोपावरून त्यांची शाळेतली नोकरी गेली, कम्युनिस्ट पक्षानेही काढून टाकलं. आईला घेऊन ते रोमला गेले. तिथे हलाखीत दिवस काढले, पण १९५५ मध्ये इटलीभरच्या लोकगीतांचा मोठा संग्रह सिद्ध केला. पुढे सिनेमे केले, गाजले. १९६१ च्या सुमारास मुंबईतही येऊन गेले; त्या प्रवासावर त्यांचं पुस्तक आहे.

त्यांचा शेवट क्रूर झाला. २ नोव्हेंबर १९७५ ला ओस्तियात त्यांचा खून झाल्याचं उघड झालं. त्याच्या बारा दिवस आधी लेच्चे गावात ते शिक्षक-विद्यार्थ्यांपुढे बोलले होते. विषय काय होता? बोलीभाषा आणि शाळा! टीव्ही आणि बाजार सगळ्यांना एकसारखं बोलायला लावतील, ही त्यांची धास्ती होती. १९९९ मध्ये इटलीच्या कायद्याने फ्रिउलानला अल्पसंख्य भाषा म्हणून मान्यता दिली. ते पाहायला कवी नव्हता.

इथे बरेच शिक्षक बसलेत, म्हणून बोलतो. पहिलीतलं पोर वर्गात वारलीत बोललं की आपण पटकन म्हणतो, "नीट बोल." मीही म्हणालोय. त्या एका शब्दाने पोर गप्प होतं, आणि घरी गेल्यावर आजीलाही तेच ऐकवतं. मराठी त्याला यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण त्यासाठी आजीची भाषा चुकीची ठरवायची गरज नाही.

तर या लग्नसराईत एवढं करा. गावातल्या धवलेरीकडे जा, तिची परवानगी घ्या, गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि वहीत गाण्याच्या वर तिचं नाव लिहा.