जामखेडमध्ये खरे प्रशिक्षण कोणाचे झाले?

१/ हाताखालच्या माणसाला निर्णयाचे स्वातंत्र्य द्यावे, हे आज व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवले जाते. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड तालुक्यात हा धडा १९७० च्या दशकात गिरवला गेला. तेथे प्रश्न नफ्याचा नव्हता, बालकांच्या प्राणांचा होता.

२/ डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने वेल्लोरला वैद्यकीय व अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या वेळी या परिसरात दर १,००० नवजात बालकांपैकी सुमारे १७६ वर्षाच्या आत दगावत.

३/ प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना गावोगावी ठेवण्याचा प्रयत्न झाला. तो फसला. बाहेरून आलेल्या तरुण मुलींना खेड्यात एकटे राहणे अवघड जाई आणि गावातील बायाही त्यांचे ऐकत नसत.

४/ मग गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्यांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, अनेकजणी दलित. बालकांचे वजन, गरोदर स्त्रीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, क्षय व कुष्ठरोगाची ओळख ही कामे त्यांच्याकडे आली.

५/ खरा अडसर येथेच होता. वैद्यकीय व्यवस्थेत ज्ञान वरून खाली आज्ञेच्या रूपाने उतरते. निरक्षर बाईने रक्तदाब मोजावा, ही कल्पनाच शिकलेल्यांना रुचणारी नव्हती. आपले महत्त्व कमी होईल, अशी धास्ती परिचारिकांनाही वाटली.

६/ म्हणून बदलावे लागले ते वरच्यांना. दर आठवड्याच्या वर्गात डॉक्टर कार्यकर्त्यांबरोबर जमिनीवर बसत. धड्याचा आरंभ त्या बायांच्या अनुभवांपासून होई. गावभेटीस जाणाऱ्या फिरत्या पथकाचे काम चुका पकडण्याचे नव्हते. कार्यकर्तीला न पेलणारा रुग्ण पाहावा, शंका फेडाव्यात आणि गावापुढे तिचा मान राखावा, ही त्याची जबाबदारी होती.

७/ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पुढे मांडले की, स्वायत्तता, आपल्याला जमते ही जाणीव आणि आपलेपणा या तीन गरजा भागल्या की माणूस मनापासून काम करतो. जामखेडला या तिन्ही एकत्र भागत होत्या.

८/ बालमृत्यूचे प्रमाण पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने घटले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकसहभागाचा पुरस्कार केला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

९/ १९७७ मध्ये केंद्र शासनाने गावपातळीवरील आरोग्यरक्षकांची योजना आणली. त्यांत पुरुषांचाच भरणा होता. २००५ पासून ‘आशा’ आल्या. गावातलीच स्त्री, हे जामखेडचे सूत्र देशभर पोहोचले. मात्र आशांना नियमित वेतनाऐवजी कामागणिक मोबदला मिळाला.

१०/ कार्यकर्तीची नेमणूक एका आदेशाने होते. तिच्यावर विश्वास टाकणारा वरिष्ठ मात्र घडवावा लागतो, आणि त्याला वर्षे लागतात. जामखेडने ती वर्षे खर्ची घातली.