नवे-जुने : दख्खनच्या कर्जखतांचा इतिहास आणि गृहस्थाचा हिशेब

व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि नावे अशा दोनच बाजू असतात. परंतु त्या दोन बाजूंत अनेक कुटुंबांचे सुखदुःख सामावलेले असते. अनेक देणी एकत्र करून एकच खत करावे, म्हणजे डोक्यावरचा भार हलका होईल, ही कल्पना आजची नव्हे. ग्रामीण महाराष्ट्रात या व्यवहाराला ‘नवे-जुने करणे’ असे नाव आहे. जुने कर्ज कागदावर फिटते आणि त्याच क्षणी नवे उभे राहते. हा व्यवहार केव्हा तारतो आणि केव्हा बुडवतो, हे पाहावयाचे असेल तर पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांचा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इतिहास पाहणे उद्बोधक ठरते.

या इतिहासातील धनको पक्षात मारवाडी आणि गुजर व्यापारी मोठ्या संख्येने होते व त्यांत जैन कुटुंबेही होती. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी पूर्वजांच्या दानशूरतेचे स्मरण करताना हे पानही उघडणे उचित होय.

कापसाची तेजी आणि मंदी

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला अपूर्व भाव आला. मुंबईच्या निर्यातदारांनी शहरातील सावकारांना, त्यांनी गावच्या सावकारांना आणि गावच्या सावकारांनी शेतकऱ्यांना मुक्तहस्ते पैसा पुरविला. युद्ध संपताच भाव कोसळले. निर्यातदारांनी हात आखडता घेतला आणि तोच ताण साखळीने खेड्यापर्यंत पोहोचला. याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर व लगतच्या तालुक्यांत फेरआकारणी होऊन शेतसारा वाढला. सारा रोखीने आणि ठरल्या मुदतीतच भरावा लागे. उत्पन्न घटले, सारा वाढला आणि नवे कर्ज मिळेनासे झाले, अशा तिहेरी कोंडीत शेतकरी सापडला.

तीन वर्षांचे खत

या कोंडीला कागदाची जोड मिळाली. १८५५ मध्ये व्याजदरावरील कायद्याची मर्यादा उठली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे ठरविले. व्याज साचत राहू नये, हा त्यामागचा हेतू. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई. दरम्यान उधारीवर नेलेले धान्य, कापड, बियाणे हेही त्याच खतात येई. नव्या खतातील सर्व रक्कम मुद्दल ठरे आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू होई.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. १०० रुपयांचे कर्ज, व्याज दरमहा शेकडा २ आणि मध्यंतरी काहीही भरणा नाही. तीन वर्षांनी नवे खत १७२ रुपयांचे होईल, सहा वर्षांनी सुमारे २९६ रुपयांचे आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपयांचे. तेच व्याज सरळ पद्धतीने आकारले असते तर नऊ वर्षांनी देणे ३१६ रुपये झाले असते. ‘दामदुप्पट’ या प्राचीन नियमानुसार एका वेळी मागता येणारे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ शकत नाही, म्हणजे एकूण मागणी २०० रुपयांवर थांबली असती. व्याजालाच मुद्दलाचे वस्त्र चढविले की या नियमाचे संरक्षण नाहीसे होई. १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण पुढे चौकशीत उघड झाले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या गावी, भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी जमले. त्यांनी दुकानदार-सावकारांकडे वह्या आणि खते मागितली आणि ती जाळली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरांनाही आगी लागल्या. ही लाट पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरली. जेथे खते मुकाट्याने हाती आली, तेथे मारहाण सहसा झाली नाही. लोकांचा रोष मुख्यतः त्या कागदावर होता.

खर्च कशावर होत होता?

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने अहमदनगर जिल्ह्यातील काही गावांची पाहणी केली. सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जबाजारी होते, त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट होते आणि जवळजवळ दोनतृतीयांश कर्जासाठी जमीन गहाण पडलेली होती.

शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून बुडतो, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. आयोगाने हे कारण फाजील महत्त्व दिलेले असल्याचे नमूद केले. प्रसंगोपात्त होणाऱ्या लग्नापेक्षा धान्य, बियाणे, बैल आणि शेतसारा यांसाठी पुनःपुन्हा घ्यावी लागणारी लहान कर्जेच बोजा वाढवीत होती. गृहस्थाने आजही मनन करावे असा हा निष्कर्ष आहे. मोठा खर्च डोळ्यांत भरतो, लहान उधारी दिसत नाही. आणि ज्या घरात पोटाचे धान्यच उधारीवर येते, तेथे काटकसरीचा उपदेश कितीही केला तरी कमी करण्यासारखे काही उरलेलेच नसते.

१८७९ चा कायदा

याच चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायालयाने केवळ शेवटचे खत न पाहता व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा, मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा, व्याजाचे मुद्दल होऊ देऊ नये आणि देणे हप्त्यांनी फेडण्याची सवलत द्यावी, असे त्यात होते. सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा असे बंधन आले. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. दावा लावण्यापूर्वी समेट घडवून आणण्यासाठी मध्यस्थांची योजनाही होती. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केले.

कायद्यात पळवाटाही निघाल्या. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याचा प्रकार त्यांतलाच. शिवाय जुने देणे निवळले तरी पुढच्या पेरणीला पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता. तो ओळखून सर विल्यम वेडरबर्न यांनी शेतकी पेढीची योजना पुढे आणली. पुरंदर तालुक्यात धनकोंशी तडजोड करून जुनी कर्जे एकदाच मिटवावीत आणि पेढीने बेताच्या व्याजाने नवे कर्ज द्यावे, असा तो विचार. हिंदुस्थान सरकार १८८४ मध्ये अनुकूल झाले, तरी विलायतेत भारतमंत्र्यांनी तिला मान्यता दिली नाही. पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. मुंबईत सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती सहकारी पेढी उभी केली. पैकी ठाकरसी हे गिरणीधंद्यातील अग्रणी होते. व्यापाऱ्याची बुद्धी ऋणकोच्या हितासाठीही राबू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आजचे नवे-जुने

आज ऋणको बदलला आहे. गृहकर्ज, वाहनकर्ज, क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज यांचे हप्ते एकाच पगारातून किंवा एकाच दुकानाच्या गल्ल्यातून जातात. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर आजही बहुधा दरमहा शेकडा ३ किंवा त्याहून अधिक व्याज लागते, म्हणजे वरील उदाहरणातील दराहून जास्त. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात मुद्दलाहून अधिक व्याज वसूल न करण्याचे तत्त्व आहे, परंतु बँकांना तो कायदा लागू नाही.

अशा वेळी चार देणी एकत्र करणे लाभाचे ठरते, पण दख्खनच्या इतिहासाने घालून दिलेल्या अटींवरच. प्रथम प्रत्येक देण्याचे मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावे. नव्या कर्जाचा दर जुन्याहून खरोखर कमी आहे काय आणि मुदत लांबल्याने एकूण भरणा वाढतो काय, हे पाहावे. अन्न, औषध आणि मुलांचे शिक्षण यांची तरतूद आधी करून उरलेल्या रकमेत बसेल एवढाच हप्ता ठरवावा. घरखर्चाची गळचेपी करून बांधलेला हप्ता फार काळ टिकत नाही. दोन-चार महिन्यांत पुन्हा उधारी सुरू होते. आणि जुने खाते मिटले की ते बंद करावे, नाहीतर तीन वर्षांनी पुन्हा नवे-जुने अटळ आहे.

श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतात मर्यादा आधी ठरते आणि संग्रह त्या मर्यादेत बसविला जातो. कर्जाची मर्यादाही याच रीतीने आधी ठरविता येते. धनकोसाठीही शास्त्राची शिकवण स्पष्ट आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे लेख करणे याची गणना आहे. न घेतलेली रक्कम घेतली असे दाखविणारे खत याहून निराळे काय असते?

समाजातील एखादे कुटुंब देण्याखाली दबले असता लोकलज्जेने गप्प राहते आणि त्या गप्प राहण्यातच व्याज वाढते. हिशेब जाणणाऱ्या दोन ज्येष्ठांनी अशा कुटुंबाची वही त्याच्या संमतीने उघडावी, गोपनीयता राखावी आणि धनकोशी बोलून रास्त हप्ता बांधून द्यावा. १८७९ च्या कायद्याने मध्यस्थांकडून हीच अपेक्षा केली होती. पन्नास वर्षे लोकांचा विश्वास जपलेल्या संस्थेच्या छायेत हे काम कायद्यावाचूनही होऊ शकेल.