कचारगडचा किंगरीवाला

जपानी मासिकांतून 1969 च्या अखेरीस अवतरलेले डोरेमॉन हे यांत्रिक मांजर आज आमच्याकडील मुलांचेही सवंगडी झाले आहे. नोबिता अडला, की पोटावरच्या खिशांतून युक्ति निघते. ती बहुधा अंगाशी येते, आणि हशा पिकतो. या विनोदास आमची हरकत नाही. परंतु गोंदिया जिल्ह्यांत, सालेकसा तालुक्यांत, कचारगडची विशाल गुहा आहे. तेथील गोंडी कथेतला सोबती निराळा. गुहेत कोंडलेल्या कली कंकालीच्या तेहतीस लेकरांसाठी हिरासुका पाटारीने किंगरी वाजविली. त्या सुरांनी बळ चढून मुलांनी द्वारावरची शिळा लोटली, आणि ती त्याच्याच अंगावर कोसळली!

पाद्री हिस्लॉप यांनी मिळविलेले लिंगोगीत रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापविले. त्यांत गोंडांस कोंडणारा महादेव व सोडविणारा लिंगो. छापील तेवढे जुने आणि खरे मानण्याची आम्हां शिकलेल्यांस खोड आहे. तिच्यापायी हा किंगरीवाला आमच्या मुलांपर्यंत पोचलाच नाही. माघी पौर्णिमेस कचारगडी येणाऱ्या गोंड मुलांस मात्र तो ठाऊक असतो, आणि डोरेमॉनही.